अंबाडा भिंतीकडे

समोर कोणीही आलं की ते एक डोळा मिटायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा गृहस्थ आपल्याला डोळा मारतोय. मीही सभ्यपणे उलट मारला. पण त्यांचं लक्ष माझ्या डोळ्याकडे नव्हतंच. उघड्या डोळ्याने ते माझं कपाळ, नाकाचा शेंडा आणि हनुवटी एका रेघेत येतात का, ते बघत होते. बघून झालं की निकाल द्यायचे.

"तुमचं जरासक उजवीकडं हाये जी."

हा निकाल त्यांनी चहावाल्याला दिला होता, वीज मंडळाच्या माणसाला दिला होता आणि त्यांच्या सख्ख्या व्याह्यालाही लग्नाच्या बैठकीत दिला होता, असं त्यांच्याच तोंडून ऐकलं. सीटी स्कॅनच्या मशीनवर आयुष्य गेलेला माणूस. माणसाचं डोकं खोबणीत ठेवायचं, लाल उजेडाची रेघ नाकाच्या बरोबर मधून जाते की नाही ते बघायचं, आणि मग बाहेर जाऊन बटण दाबायचं, हे काम. त्या खोलीबाहेर लाल रेघ नसायची, म्हणून ते डोळा मिटून आपली रेघ आपणच काढायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, शिंपी असेल तर बोलताना तुमच्या खांद्याचं माप घेणारा. हे तसेच.

मी शरीररचनाशास्त्र शिकवतो. म्हणजे नागपूरच्या एका कॉलेजात मुलांना हाडांची नावं पाठ करायला लावतो आणि संध्याकाळी भंडाऱ्याला घरी परततो. मध्यंतरी मला संशोधनाची उबळ आली. आपल्या जिल्ह्यातल्या माणसांच्या कवटीचं हाड कुठे किती जाड असतं, ते स्कॅनवरून मोजायचं. भंडाऱ्यातल्या एका खाजगी स्कॅन सेंटरचे मालक माझ्या ओळखीचे डॉक्टर. त्यांनी पेशंटची नावं काढून टाकून जुनी स्कॅन बघायला दिली, एक कॉम्प्युटर दिला आणि सांगितलं, "काही लागलं तर भाऊंना विचारा." भाऊ म्हणजे तेच डोळा मिटणारे गृहस्थ. सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. मीही म्हणू लागलो.

विचारायचं मात्र मला जमत नसे. मी शिकवणारा माणूस.

पहिल्या आठवड्यात मला एक अद्भुत गोष्ट सापडली. डोक्याच्या मागच्या बाजूला, सगळ्यांना, अगदी तंतोतंत एकाच जाडीचं एक वक्र हाड होतं. म्हातारे, तरुण, बाया, पुरुष, कुणातच फरक नाही. निसर्गाच्या या शिस्तीने मी भारावून गेलो. भाऊ चहा घेऊन आले, एक डोळा मिटून पडद्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "सर, थे आमच्या मशीनचं हाड हाये."

मी डोकं ठेवायची प्लास्टिकची खोबण मोजत होतो. दुसरा कोणी असता तर गावभर करून सोडलं असतं. भाऊंनी कुणाला सांगितलं नाही. मीच सांगत सुटलो, कारण स्वतःच्या फजितीचे किस्से रंगवून सांगितले की लोक हसतात आणि तुम्हाला मोकळ्या मनाचा समजतात. ही माझी जुनी युक्ती आहे. फक्त ज्या फजितीत दुसऱ्याचं नुकसान झालेलं असतं, ती रंगवता येत नाही. ती पूर्ण गोष्ट तोंडाने आज प्रथमच सांगतोय.

भाऊंना काम करताना बघणं हा एक सोहळा होता. स्कॅनला आलेला माणूस घाबरलेला असायचा. कुणी गाडीवरून पडलेला, कुणाला फिट आलेली, कुणाचं महिनाभर डोकं दुखणारं. भाऊ आधी स्वतःचे हात एकमेकांवर चोळून गरम करायचे, मग विचारायचे, "डोस्क्याले हात लावू का जी?" होकार आल्याशिवाय लावायचे नाहीत. त्यानंतर ठरलेलं वाक्य. "आता हालाचं नाही. देव, बुद्ध, अल्ला, जे असन थे मनात घ्या. तोंडानं नोका घेऊ, हनुवटी हालते."

एकदा एका आजोबांनी आतून ओरडून विचारलं, "मनात घेतलं तं त्याले ऐकू जाईन का?"

"जाते न जी! मशीन बंद झाल्यावर मोठ्यानं घ्या अजून एकडाव."

आता अंबाड्याचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलं आहे.

खेड्यातून येणाऱ्या बहुतेक बायांचा अंबाडा असतो. खोबणीत डोकं ठेवलं की अंबाडा मागे टोचतो, मान पुढे येते. पिना, आकडे काढायचे आणि केस मोकळे सोडायला सांगायचे, हे सरळ उत्तर. भाऊ पिना, फुल्या, कानातलं काढून घ्यायचे. एक पितळी वाटी होती, त्यात ठेवून ती वाटी बाईच्याच माणसाच्या हातात द्यायचे. पण केस सोडायला सांगायचे नाहीत. "बाई, अंबाडा तुमीच जरासक भिंतीकडं सरकवा," एवढंच. मशीनच्या एका बाजूला भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला काच, काचेपलीकडे आम्ही पुरुषमंडळी. अंबाडा नेहमी भिंतीकडे, म्हणजे बाईच्या डावीकडे सरकायचा. त्यामुळे डोकं उजव्या खांद्याकडे थोडं कलायचं. मग ते हलू नये म्हणून भाऊ डाव्या बाजूच्या फटीत टॉवेलाची घडी सरकवायचे आणि अर्जाच्या कागदावर लिहायचे, 'अंबाडा, डोके उजवीकडे कललेले.' रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरला एवढं पुरायचं. रक्तस्राव आहे की नाही, गाठ आहे की नाही, हे थोड्या कललेल्या डोक्यातही दिसतं.

मी विचारलं होतं, "भाऊ, सरळ सोडायला का नाही सांगत?"

"सर, बाई चारचौघात केस कवा सोडते?" ते म्हणाले. "घरातलं माणूस गेल्यावर. इथं तं बाई पयलेच भेलेली असते. तिले कायले मयतीवानी बसवाचं?"

मला हे ऐकून गंमत वाटली होती. गंमत. मी घरी येऊन बायकोला किस्सा म्हणून सांगितलं.

तर माझा शोध. बायांच्या कवट्या मोजता मोजता माझ्या लक्षात आलं की कानाच्या वरचं हाड डाव्या बाजूला जाड आहे. फरक तांदळाच्या दाण्याएवढा, पण एकामागून एक बाईत तोच. पुरुषांत नाही. मी खुर्चीतून उठलोच. धानाचे भारे! पाण्याचे हंडे! पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बाया, उजवा हात ओझ्याला, मान तिरपी, भार डावीकडे. हाड जाड होणारच. रात्रीच्या जेवणावर मी बायकोपुढे पूर्ण व्याख्यान दिलं. ती लाखांदूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. शांतपणे ऐकून म्हणाली, "आमच्याकडं भारा मधोमध ठेवतात. तिरपा ठेवला की पडतो."

मी तिला म्हटलं, तुला विज्ञानातलं कळत नाही.

ती म्हणाली, "बरोबर आहे. माझं मोजू नका, पंधरा वर्षांपासून तुम्हाला डोक्यावर घेऊन फिरतेय, आकडा भलताच येईल."

हा शोध मी नागपूरच्या एका परिषदेत मांडणार होतो. तिला आठ दिवस राहिले असताना भाऊ माझ्या खोलीत आले. हातात बांबूचे दोन तुकडे होते. एक सरळ कापलेला, एक तिरपा. टेबलावर ठेवून म्हणाले, "सर, एकाच बांबूचे हायेत. याची साल मोजा अन् याची मोजा."

तिरप्या तुकड्याची साल जाड दिसत होती. साहजिकच.

"बांबू थोच," भाऊ म्हणाले. "बायांचं डोस्कं कललेलं ऱ्हायते न जी, म्हून डावं हाड तिरपं कापलं जाते. मोजाच्या पयले कॉम्प्युटरात डोस्कं सरळ करून घ्या. दोन बटनं हायेत, मी दाखवतो."

तुम्हाला सांगतो, त्याच क्षणी मला समजलं होतं. डोक्याने समजलं होतं. पण गळ्यात परिषदेचं कार्ड लटकवायला मी इतका उतावीळ झालो होतो, की मला राग आला. हाडांचा मास्तर मी, आणि मला हाड शिकवायला हे बांबू घेऊन आले.

"भाऊ," मी म्हणालो, "तुम्ही फोटो काढा. मोजायचं मी बघतो."

"हव जी." त्यांनी बांबू उचलले आणि गेले.

परिषदेत मी झकास बोललो. धानाच्या बांधावरून जाणाऱ्या बायांचा फोटो पडद्यावर टाकला, टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतले एक वयस्क प्राध्यापक उठले. आवाज इतका मऊ, की मारतील असं वाटलंच नाही. त्यांनी विचारलं, "डोकी सरळ करून मोजलीत ना?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी हसलो आणि म्हणालो, "सर, काय करणार, ग्रामीण भागातलं सेंटर. आमचा टेक्निशियन बायकांच्या केसांना इतका लाजतो, की डोकी वाकडीच ठेवतो."

सभागृह खदखदून हसलं. मला अजून त्या हशाची उंची आठवते. माझ्या सगळ्या किश्श्यांना मिळून तेवढा हशा कधी मिळाला नव्हता. तिसऱ्या रांगेत सेंटरचे मालक बसले होते. त्यांना मीच आग्रहाने आणलं होतं, माझं कौतुक बघायला. ते हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात सेंटरमध्ये प्लास्टिकचं कव्हर घातलेली सूचना लागली. 'स्त्री रुग्णांनी केस पूर्ण मोकळे सोडूनच बसावे.' भाऊंकडून एक कागद लिहून घेतला गेला, की माझ्या पद्धतीमुळे तपासण्या सदोष झाल्या, यापुढे असं होणार नाही. मी ते सगळं ऐकलं. मालकांना एक फोन करून 'डोकी त्यांनी बरोबर ठेवली होती, मोजलं मी चुकीचं' असं सांगता आलं असतं. मी स्वतःला म्हणालो, वातावरण जरा निवळू दे.

वातावरण निवळायच्या आत भाऊच निघून गेले. भांडले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी मशीन पुसलं, खोबणीचा पट्टा धुऊन वाळत घातला, नवीन आलेल्या टेक्निशियनला सगळं समजावून दिलं, असं मला वॉचमनने सांगितलं. "साहेब, तुमचं नाव नाही काढलं त्यायनं," हे त्याने न विचारता वर सांगितलं.

त्यानंतर महिनाभराने मी सेंटरवर गेलो. बाहेरच्या बाकावर चार-पाच बाया ओळीने केस सोडून बसल्या होत्या. एक म्हातारी दोन्ही हातांनी पदर डोक्यावर ओढत होती आणि तो निसटत होता. तेवढ्यात तुमसरकडून, आंबागडच्या एका घरच्या दोघीजणी आल्या. सासूला दाखवायला सून घेऊन आली होती. सासू दारातच थांबली. बाकाकडे बघितलं. चपला काढल्या आणि जवळच्या बाईला अगदी खालच्या आवाजात विचारलं, "कोन गेलं वं माय?"

बाई म्हणाली, "कोनी नाही. इथं असंच हाये."

सासू आत यायला तयार होईना. सून सूचनेकडे बोट दाखवत समजावत होती, आणि मी, त्या सूचनेचा बाप, स्टुलावर बसून मोबाईलमध्ये काहीतरी वाचल्यासारखं करत होतो.

त्या दिवशी मी सगळी स्कॅन पुन्हा काढली. दोन बटणं होती, भाऊ म्हणाले होते तशीच. डोकं सरळ केलं आणि मोजलं. एकेक करत सगळी. तांदळाचा दाणा गेला. डावं-उजवं सारखं. माझ्या शोधात फक्त टॉवेलाची एक घडी होती आणि एका माणसाची अदब.

भाऊ लाखांदूरला एका छोट्या एक्स-रेच्या खोलीत काम करतात, असं कळलं. मी गेलो. एसटीतून उतरल्यावर दहा पावलांवर खोली. मला बघून ते उठले, हात पुसले, "या सर," म्हणाले. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत होते. माझी रेघ त्यांनी काढली नाही.

चहा आला. मी पुन्हा मोजल्याचं सांगितलं.

"म्हंजे काहीच नाही निघालं?"

"काही नाही. दोन्ही बाजू सारख्या."

ते मनापासून हसले. "बरं झालं जी. नाहीतं आमच्या बायांचं डोस्कं वाकडं म्हून पुस्तकात छापून आलं असतं. लेकीबाळी शिकून राह्यल्या, उद्या वाचल्या असत्या."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तयारी करून गेलो होतो, एसटीत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. त्यांनी हात वर केला, पेशंटला 'हालू नका' सांगताना करायचे तसा.

"मले नोका सांगू, सर. मले तं पयलेच मालूम होतं. जिथं बोलले, थेतं सांगा."

पुढच्या परिषदेत मी वेळ मागून घेतला. उभा राहिलो आणि सांगितलं, की मागचा निष्कर्ष चुकीचा होता, डोकी सरळ न करता मोजल्यामुळे तो फरक दिसला. प्राध्यापकांनी मान हलवली. लोकांनी प्रामाणिकपणाबद्दल टाळ्या वाजवल्या. पाहा, तिथेही मी टाळ्या घेऊनच खाली उतरलो. बाहेर येऊन लगेच भाऊंना फोन लावला. मला शाबासकी हवी होती, आणखी काय!

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी तुमाले सांगतलो होतो, थे बोलले का?"

मी म्हणालो, "भाऊ, वेळ फार कमी होता."

"हव जी," ते म्हणाले. "वेळ कमीच ऱ्हायते."

आणि फोन ठेवला. चिडून नाही, जसा कामावरचा माणूस ठेवतो तसा.

खरं सांगू? वेळ उरला होता. उरलेल्या वेळात मी वैनगंगेवरच्या मावळतीचा फोटो दाखवून 'धन्यवाद' म्हटलं होतं.

मग मी पत्र लिहिलं. हाताने, मराठीत, पळवाटा बंद करून. त्यात बांबूचे दोन तुकडे लिहिले, 'तुम्ही फोटो काढा' हे वाक्य लिहिलं, सभागृहात कुणावर हसवलं आणि तो माणूस किती बरोबर होता, ते लिहिलं. एक प्रत परिषदेच्या संस्थेला पाठवली. पत्र मिळालं, असं त्यांनी कळवलं. दुसरी मालकांच्या हातात दिली. त्यांनी उभ्याने वाचली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाले, "आता कशाला हे, सर? उलट आता फोटो किती सुंदर येतात. तुमच्यामुळेच की!" सूचना अजून तिथेच आहे. मी दर वेळी ती काढा म्हणतो, ते दर वेळी चहा मागवतात.

तिसरी प्रत घेऊन मी लाखांदूरला गेलो. शटर खाली होतं. शेजारचा पानठेलेवाला म्हणाला, "भाऊ गेले लेकीकडं, गडचिरोलीच्या बाजूनं. यीन म्हणले नाही, नाही यीन म्हणले नाही." फोन लागत नव्हता.

पायरीवर एक म्हातारी बसली होती. मनगट लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं, सुजलेलं. फोटो काढायला आली होती.

"आजी, सरकारी दवाखान्यात जा," मी म्हटलं. "तिथं काढतील फोटो."

"थेतं हात ओढते," ती म्हणाली. "हे भाऊ इचारून हात लावते. येईन थो. जाईन कुठं?" मग माझ्याकडे निरखून बघितलं. "तुमी कोन जी त्याचे?"

सभागृहात मी न अडखळता बोलतो. इथे पत्राचं पाकीट या हातातून त्या हातात गेलं.

"पेशंट," मी म्हणालो.

तिने मला वरपासून खालपर्यंत तपासलं. हात धड, पाय धड.

"काय मोडलं तुमचं?"

मी कपाळाकडे बोट दाखवलं.

"डोस्कं?" म्हातारी कळवळली. "अगा माय! मंग भंडाऱ्याले जा न जी. डोस्क्याचा फोटो इथं नाही निघत."

आणि बऱ्या हाताने पदर सावरून ती सरकली, मला पायरीवर जागा करून दिली.